शनिवारच्या गप्पा: जॉन्स हॉपकिन्सचा लॅक्रॉस संघ

मंडळी, आठवण करून देतोय. शनिवारी संध्याकाळी ६ वाजता, नेहमीच्याच जागी. विषय बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा पुरुष लॅक्रॉस संघ. लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ, मुळात हौदेनोसौनींसारख्या मूळ अमेरिकी लोकांचा. हॉपकिन्समध्ये तो १८८३ पासून. १९२८च्या ॲम्स्टरडॅम आणि १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय सामन्यांत अमेरिकेकडून उतरला तो हाच कॉलेजचा संघ! एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) ९ विजेतेपदं आहेतच, पण मला मेरीलँड विद्यापीठाच्या संघाशी असलेलं शतकभराचं हाडवैर जास्त रंगतदार वाटतं. २०२८ला लॅक्रॉस ऑलिंपिकमध्ये परततोय, सहा-सहा खेळाडूंचा. जाळीची काठी कुणाकडे असल्यास जरूर आणा. चहा आहे, उशिरा येणाऱ्यांना गारच मिळेल.