गुन्ह्यावर मालिका करण्याआधी निकालपत्र वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेल्या मालिकांची सध्या चलती आहे. त्यांतल्या काहींचे चित्रीकरण आपल्याच घोडबंदर रस्त्यावर आणि मीरा रोडला होते. त्या पाहणाऱ्यांपैकीच कुणीतरी उद्या ठाण्याच्या किंवा बेलापूरच्या न्यायालयात पंच (पोलीस कारवाईवेळी हजर असलेला त्रयस्थ) किंवा साक्षीदार म्हणून उभे राहते, म्हणून हे पत्र. अशा मालिका बंद कराव्यात असे मी म्हणत नाही. त्या पोलिसांच्या पत्रकार परिषदेवरून लिहिल्या जातात आणि न्यायालयाचे कागद कुणी उघडूनही पाहत नाही, याला माझा आक्षेप आहे.

शेवट ठरलेला असतो. कोठडीत आरोपी कोसळतो, सगळे कबूल करतो आणि साहेब फाइल मिटतात. प्रत्यक्षात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वाचताच येत नाही. पूर्वी यासाठी पुरावा कायद्याचे कलम २५ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ आहे. सर्वसाधारण खटल्यांत अपवाद एकच. आरोपीने दोन पंचांसमक्ष निवेदन केले, तो पंचांना व पोलिसांना घेऊन गेला आणि त्याने दाखवलेल्या जागेतून हत्यार निघाले, तर निवेदनातला त्या सापडण्याशी थेट जोडलेला भाग तेवढा ग्राह्य धरतात. ‘कोयता खाडीकाठच्या झुडपात लपवला आहे, काढून देतो’ हे वाक्य चालते. ‘त्याच कोयत्याने मी वार केले’ हे वगळावे लागते.

या जप्तीतच बहुतेक खटले ढिले पडतात. जागा उघडी, कुणीही येण्याजाण्याची असते. निवेदन लिहून होण्याआधीच पोलीस तिथे जाऊन आलेले असतात. लाखेचे सील जागेवर न लावता पोलीस ठाण्यात आल्यावर लावलेले असते. पंच पोलिसांच्या नेहमीच्या ओळखीतले निघतात आणि उलटतपासणीत आधीच्या चार पंचनाम्यांवरच्या त्यांच्या सह्या दाखवल्या जातात. आरोपी सुटतो तो अशा कारणांनी. मालिका पाहिलेला माणूस मात्र विचारतो, ‘कबूल केले होते ना, मग सुटला कसा?’ आणि न्यायाधीशांवर संशय घेऊन मोकळा होतो.

ओळख परेडचे दृश्य तर आपल्याकडचे नसतेच. एकतर्फी काच, पलीकडे नंबर धरून उभे असलेले पाच जण, शेजारी तपास अधिकारी. आपल्याकडे परेड सहसा कारागृहात, म्हणजे ठाणे मध्यवर्ती किंवा तळोजा इथे होते. ती कार्यकारी दंडाधिकारी घेतात, बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार. दोन पंच हजर असतात आणि पोलिसांना बाहेर जावे लागते. एका संशयितासाठी साधारण त्याच्याच वयाचे व बांध्याचे किमान सहा जण रांगेत लागतात, दोन संशयितांसाठी दहा-बारा. एका परेडमध्ये दोनपेक्षा जास्त संशयित ठेवत नाहीत. संशयिताला हवी ती जागा निवडू देतात, आणि प्रत्येक साक्षीदारानंतर जागा किंवा कपडे बदलायचे आहेत का, हे पुन्हा विचारतात. ओळखून झालेल्या साक्षीदाराची बाहेर थांबलेल्यांशी गाठ पडू देत नाहीत. अटकेपासून परेडपर्यंत आरोपीचा चेहरा झाकून नेतात तो याचसाठी. चेहरा आधी कुठे छापून आला असेल, तर बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. अशा वेळी खटला चालू असतानाच तीच मिशी, तोच चष्मा, तसाच शर्ट घातलेला नट आठवडाभर घराघरांत दिसला, तर साक्षीदाराच्या आठवणीतला चेहरा नेमका कुणाचा, हा प्रश्न उलटतपासणीत येणारच. त्याने नुकसान होते ते फिर्यादीचे, म्हणजे ज्यांच्या दुःखावर मालिका उभी आहे त्यांचे.

न्यायवैद्यक भागाबद्दल थोडेच लिहितो. रक्ताळलेला ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत भरू नये. ओल राहिली की बुरशी आणि जिवाणू वाढतात व डीएनए खराब होतो, म्हणून तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. विषबाधेच्या संशयात व्हिसेरा, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात पाठवतात. फॉर्मेलिन ओतले तर विष शोधणे अवघड होते. कलिन्याच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून अहवाल यायला आठवडे, कधी महिनेही लागतात. पडद्यावर तो दोन तासांत येतो, आणि मग खऱ्या प्रकरणातल्या नातेवाइकांना वाटते की पोलीस मुद्दाम टाळाटाळ करत आहेत.

खटला संपण्याआधी मालिका काढण्याची घाई सर्वांत घातक. वाई-धोमचे हत्याकांड २०१६ च्या ऑगस्टमध्ये उघडकीस आले. त्याच्याशी उघड साम्य असलेली मालिका २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा खटला संपलेला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात, तपास चालू असताना गुन्ह्याचे दृश्य पुन्हा उभे करून आरोपीने तो कसा केला हे दाखवू नये, असे माध्यमांना बजावले आहे. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ अशी पाटी लावून मालिकावाले हेच करतात. नोएडाच्या निठारीतले बालहत्यांचे प्रकरण २००६ चे. ज्या नोकराला पडद्यावर, बातम्यांत वर्षानुवर्षे नराधम म्हणून दाखवले, त्याला अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये बारा खटल्यांत पुराव्याअभावी निर्दोष ठरवले. उलट बाजूने नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरचा १९५९ चा खून खटला घ्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, हेच पडद्यामुळे लोकांच्या लक्षात राहिले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, हे किती जण सांगू शकतील?

नावे बदलली की जबाबदारी संपली, असाही समज आहे. बलात्कार पीडितेची ओळख पटेल असा कोणताही मजकूर प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दंड. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले की पीडिता हयात नसली तरी हे बंधन राहते. गाव, वडिलांचा धंदा, भावंडांची संख्या, घराशेजारचे देऊळ तसेच ठेवून फक्त नाव बदलले, तर गावातल्या शाळकरी पोरालाही कळते कोण ते. पीडित अल्पवयीन असेल तर पॉक्सोचे, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे, कलम २३ वेगळे लागू होते.

लेखकांना हे अवघड नाही. प्रत्येक खटल्याला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याची स्थिती दिसते. सत्र न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबावे. निकालपत्र मिळवून त्यातली कारणे आणि उलटतपासणीचा भाग वाचावा; खरे नाट्य तिथेच आहे. भागाच्या सुरुवातीला निकालाची तारीख आणि अपील प्रलंबित आहे की नाही, हे वाचता येईल इतका वेळ दाखवावे. प्रेक्षकांनीही तक्रार करावी: केबल दूरचित्रवाणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार वाहिनीला तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो. आणि अपिलात आरोपी सुटला, तर ॲपवर पडून असलेला जुना भाग वाहिनीने काढून टाकावा किंवा त्याच्या सुरुवातीला नवा निकाल ठळकपणे जोडावा.

आपला,
एक फौजदारी वकील, चरई, ठाणे