सिस्टर, तुम्ही मिनिटभर नुसत्या बघत बसलात म्हणून

सिस्टर,

परवा भेटायला आले होते, तेव्हा कळलं की तुमची रात्रपाळी लागलीय. त्या दिवशीच्या गडबडीत तुमचं नावही विचारायचं राहिलं. म्हणून इथे लिहिते आहे, कुणीतरी तुम्हाला दाखवेल.

जुलैचा तो पाऊस तुम्हालाही आठवत असेल. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, म्हणून नवरा घरी होता, एवढंच नशीब. आमच्या अडीच वर्षांच्या चेडवाला तीन दिवस ताप. त्याआधी दोनदा बाजारातल्या एका दवाखान्यात नेलं होतं. तिथे टेबलावर आडवं पाडून आधी तोंडात चमचा आणि टॉर्च. पोर किंचाळायला लागली, मग रडतीच्या छातीला दोन सेकंद नळी टेकवली आणि "सर्दी आहे, पावसाळ्यात होतंच" म्हणून बाटली हातात दिली. दुसऱ्यांदाही तेच. मी म्हटलं, हिचा श्वास वेगळा वाटतो. तर मलाच उत्तर, "आईला सगळंच वेगळं वाटतं." ते वाक्य अजून सलतंय.

तुमच्याकडे ग्रामीण रुग्णालयात आलो तेव्हा ती पांढरा कपडा बघूनच माझ्या गळ्याला मिठी मारून बसली. तुम्ही तिला मांडीवरून उतरवायला सांगितलं नाही. हातही लावला नाही. समोर उकिडव्या बसलात, तिचा फ्रॉक मला जरा वर करायला लावलात आणि घड्याळाकडे आणि तिच्या पोटाकडे बघत राहिलात. खोटं कशाला सांगू, मला राग आला. मी भिजून आलेय, पोर तापानं फणफणलीय आणि ही बाई नुसती बघत बसलीय!

ते पूर्ण एक मिनिट होतं. मग तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "चोपन्न. आणि बरगड्यांखाली आत ओढ पडते, बघा." मी बघितलं. तीन दिवस तेच बघत होते, फक्त त्याला नाव नव्हतं.

नंतर तुम्ही सांगितलंत की मोठं माणूस शांत बसलेलं असेल तर मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त झाले तर तो जलद श्वास. पण मूल रडायला लागलं की मोजून उपयोग नाही, श्वास आणि नाडी दोन्ही वाढतात. म्हणून हात लावायच्या आधी मोजायचं, आणि लहान मुलाचा श्वास सारखा बदलतो म्हणून पूर्ण मिनिट. सासऱ्यांना दाखल केलं होतं तेव्हा सिस्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत क्रमानं तपासलं होतं, "खोल श्वास घ्या" म्हटलं की ते घ्यायचे. अडीच वर्षांच्या पोरीला ते कोण सांगणार? तिथे क्रम पोराच्या मनाप्रमाणे, आणि घसा, कान सगळ्यात शेवटी. मुलाला आवडत नाही ते शेवटी.

पण माझ्या मनात बसलंय ते वेगळंच. स्टेथोस्कोपची चकती तुम्ही दोन्ही तळहातांत धरून ऊबवलीत. मग तिच्या कापडी बाहुलीच्या छातीला लावलीत आणि विचारलंत, "तुझ्या बाहुलेक ताप इलो काय गो?" तिनं मान हलवली. तीन दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी उत्तर दिलं. मग स्वतःच चकती धरून छातीवर ठेवली. पाठीला लावलीत तेव्हाही हूं नाही की चूं नाही. तेवढ्या शांततेत तुम्हाला उजव्या बाजूचा आवाज ऐकू आला आणि तुम्ही डॉक्टरांना बोलावलंत. घसा बघायची पाळी आली तेव्हा ती रडली, पण तोवर सगळं कळून चुकलं होतं.

१०८ आली, ओरोसच्या मोठ्या रुग्णालयात गेलो, न्यूमोनिया होता, आठवड्यानं घरी आलो. त्याबद्दल काही लिहीत नाही, तिथेही माणसं चांगली भेटली.

चकती ऊबवायला किती वेळ लागला असेल? दहा सेकंद. तुमच्या दारात त्या दिवशी केवढी रांग होती, मी बघितलंय. कुणी बघत नसताना, कुणी विचारणार नसताना माणूस एवढं करतं, हे आठवलं की अजून डोळे भरून येतात. आणि ज्यांनी तिला टेबलावर दाबून धरलं त्यांच्याकडेही तेच दहा सेकंद होते.

आता घरी बाहुलीचा फ्रॉक वर होतो आणि आम्हाला दटावणी मिळते, "गप रव, मोजतंय मी." मोजणी एक, दोन, पाच अशी चालते.

सोमवारी वजनाला आणायचं आहे. तुमची दिवसपाळी असली तर बाहुलीलाही घेऊन येते.

तुमची,
त्या चेडवाची आई