रविवारी त्याला हलवू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फायटर माशासाठी तू ३० लिटरची टाकी आणलीस हे वाचून फार बरं वाटलं. त्या बाउलमध्ये त्यानं शेपूट पसरलं की लगेच काच आडवी यायची, ते माझ्या मनातून जात नव्हतं. पण येत्या रविवारी त्याला टाकीत सोडायचं म्हणतोस, तेवढं करू नकोस.

माझा पहिला फायटर मी अशाच घाईनं गमावला. सकाळी टाकी भरली, संध्याकाळी मासा सोडला. आठवड्याभरात तो तळाशी बसून राहू लागला, कल्ले लाल झाले, खाणं सुटलं. पाणी मात्र शेवटपर्यंत आरपार स्वच्छ होतं, म्हणून मला शंकाही आली नाही. माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया पाण्यात उतरतो, तो डोळ्यांना दिसत नाही. काही जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग बरंच सौम्य नायट्रेट. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात राहतात आणि त्यांचा जम बसायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात.

तेव्हा टाकी भर, क्लोरीन काढणारं औषध घाल, फिल्टर आणि हीटर चालू कर आणि माशाशिवायच रोज चिमूटभर खाणं टाकत जा. ते कुजेल, त्यावर जिवाणू वाढतील. टेस्ट किटनं पाणी तपासत राहा. अमोनिया चढेल, मग नायट्राइट चढेल. दोन्ही शून्यावर येऊन टिकले आणि नायट्रेट दिसू लागलं, की बरंचसं पाणी बदल आणि खुशाल मासा सोड. तोवर बाउलमधलं थोडं पाणी एक दिवसाआड बदल. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि तितकंच कोमट हवं.

फायटर वर येऊन हवा घेतो, म्हणून त्याला वाटीभर पाणी पुरतं असं लोक बिनधास्त सांगतात. याचा मला खरंच राग येतो. त्याच्या कल्ल्यांजवळ हवेतून श्वास घेणारा लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो हे खरं, पण त्यानं अमोनिया थोडाच टळतो? मूळचा तो थायलंडकडच्या भातखाचरांतला, दलदलीतला. तिथलं पाणी उथळ असतं, पण पसरलेलं आणि संथ. म्हणून हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टरच घे आणि पंपाची हवा कमी ठेव. जोराच्या प्रवाहात ते लांब पर ओढत तो दमून जातो. तापमान २५ ते २७ अंश ठेव. झाकण लागेलच, तो उडी मारतो. पाणी मात्र काठोकाठ भरू नकोस, वर चार बोटं हवा राहू दे.

प्लास्टिकची झाडं नकोत, पर फाटतात. अनुबियास किंवा जावा फर्न ही खरी पाणझाडं टाकीतल्या लाकडाला बांध; त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलंस तर कुजेल. एखादं रुंद पान पृष्ठभागाजवळ येऊ दे. माझा आत्ताचा फायटर रात्री तसल्याच पानावर टेकून झोपतो. दिवा मालवण्याआधी मी रोज बघतो.

माझ्या फिल्टरमध्ये एक जादा स्पंज कधीचा मुरतोय, त्यात जिवाणूंचा जम बसलेला आहे. तो टाकीच्याच पाण्यात भिजता ठेवून तुझ्याकडे घेऊन येतो. नळाखाली धुऊ नकोस, थेट तुझ्या फिल्टरला जोड; थांबायचे दिवस बरेच कमी होतील. मी येईपर्यंत हीटर तेवढा लावून ठेव.

तुझाच,
जिवलग मित्र