शॉकअप घेताना आधी मापाची टेप लावा

महोदय,

यवतेश्वर किंवा पसरणी घाटात डबलसीट क्रूझर मोटारसायकल खड्ड्यानंतर दोनतीनदा डोलत राहिली, की दोष बहुधा स्प्रिंगचा नसतो. शॉकअपमधलं, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के शोषणाऱ्या नळकांड्यातलं, तेल गळालेलं असतं. दांड्यावर ओलसर, धूळ चिकटलेला ओघळ दिसतोच. अशा वेळी जोडी बदलावी. एकच बाजू बदलली तर गाडी वळणावर तिरकी वागते.

दुकानात लोक डबीवाले, चकचकीत शॉकअप मागतात. गॅसची डबी दिसायला छान, पण माप चुकलं तर ती शोभेपुरतीच. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा, तीही मागचं चाक अधांतरी ठेवून. बुशचं (बोल्ट ज्यातून जातो त्या रबरी नळीचं) भोक, रुंदी आणि खालचं टोक बंद कडीचं की दोन पात्यांच्या चिमट्याचं, हेही पाहा. आखूड शॉकअपने टायर मडगार्डला घासतो. लांब बसवला तर साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. लांबी बदलली तर चेनचा ढिलेपणा पुन्हा तपासावाच लागतो.

स्प्रिंगच्या टोकाची खाचांची कॉलर (कडं) फिरवून स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उचलली जाते. अधांतरी चाकाच्या आसापासून सीटखालच्या ठरावीक खुणेपर्यंत मोजा, मग स्वार बसवून मोजा. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसरा हिस्सा हवा. शेवटच्या खाचेवरही गाडी त्याहून जास्त बसत असेल तर जाड तारेची स्प्रिंग घ्या. दोन्ही बाजूंच्या खाचा सारख्या ठेवा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळवटून लवकर फाटतं.

– दुचाकी दुरुस्ती कारागीर, सातारा