समुद्र बंद ठेवण्याचा अधिकार कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशांतील बेटांवरच्या स्कूबा डायव्हिंगविषयीचे लेख अलीकडे पर्यटनाच्या पानांवर वारंवार वाचायला मिळतात. त्यांत ‘हा रिसॉर्ट स्थानिक लोकच चालवतात’ असे एक कौतुकाचे वाक्य असते आणि पुढे, त्याचा आधीच्या वाक्याशी काही संबंध नसल्यासारखे, पाण्याखालच्या विपुल जीवसृष्टीचे वर्णन येते. या दोन गोष्टींचा संबंध फार जवळचा आहे आणि तो वाचकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बेटावरील रिसॉर्ट खरोखर गावाचा आहे की नाही, हे तेथे गावातील किती माणसे कामाला आहेत यावरून ठरवू नये. समुद्राचा एखादा तुकडा मासेमारीसाठी बंद करण्याचा, तो बंद राहतो ना यावर पहारा ठेवण्याचा आणि पाहुण्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकार गावाकडे आहे का, हे पाहावे. डायव्हरला जे मासे दिसतात ते बव्हंशी या अधिकारामुळे टिकलेले असतात.

याचे सर्वांत जास्त अभ्यासलेले उदाहरण फिलिपिन्समधील अपो बेटाचे आहे. निग्रोस या मोठ्या बेटाच्या आग्नेय टोकाजवळ असलेले हे ज्वालामुखीजन्य बेट जेमतेम पाऊण चौरस किलोमीटरचे आहे. सत्तरच्या दशकात त्या सागरी पट्ट्यात डायनामाइटचे स्फोट करून, सायनाइड सोडून आणि ‘मुरो-आमी’ पद्धतीने, म्हणजे प्रवाळावर दोरीला बांधलेले दगड आपटत माशांना जाळ्याकडे हाकलून, मासेमारी चाले. त्यात मासे मिळत, परंतु ज्या प्रवाळावर पुढच्या वर्षीचे मासे पोसले जायचे तोच फुटून जाई. जवळच्या दुमागेते शहरातील सिलिमन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला, ज्यांना पुढे १९९२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि त्यांचे सहकारी या बेटावर येऊन कोळ्यांशी बोलत राहिले. प्रवाळभित्तीचा थोडासा भाग पूर्ण बंद ठेवला तर उरलेल्या भागात मासे वाढतील, हे म्हणणे कोणत्याही कोळ्याला सहजी पटण्यासारखे नव्हतेच. ज्याची चूल रोजच्या मासळीवर पेटते त्याला ‘काही वर्षे थांबा’ असे सांगणे सोपे नसते. तरीही १९८२ मध्ये गावाने बेटाच्या एका बाजूचा किनारा अभयारण्य म्हणून राखायला सुरुवात केली. हा भाग बेटाच्या एकूण प्रवाळक्षेत्राच्या सुमारे दहा टक्के इतकाच होता. पहारा गावातील कुटुंबांनीच दिला, आणि १९८५ मध्ये नगरपालिकेने त्याला कायदेशीर मान्यता दिली.

येथे शेजारच्या सुमिलोन बेटाचा उल्लेख करावाच लागेल, कारण त्याच्याविना अपोची गोष्ट नुसती गोड वाटेल. सिलिमन विद्यापीठाच्याच पुढाकाराने सुमिलोनचे राखीव क्षेत्र १९७४ मध्ये, म्हणजे अपोच्या कितीतरी आधी, स्थापन झाले होते आणि तेथे चांगले परिणामही दिसू लागले होते. परंतु सुमिलोनवर स्वतःचे असे गाव नव्हते. तेथे मासेमारी करणारे लोक समोरच्या सेबू बेटावरून येत आणि राखणीचा भार मुख्यतः विद्यापीठ व नगरपालिका यांच्यावर होता. स्थानिक सत्ता बदलल्यावर १९८४ मध्ये हे संरक्षण कोलमडले, राखीव भागात पुन्हा मासेमारी सुरू झाली आणि दोन वर्षांच्या आत बेटाभोवतीचे एकूण मासळीचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले. मासेमारीसाठी अधिक जागा खुली झाली आणि हाती मासळी कमी आली, हा निष्कर्ष उलटा वाटतो. पण अल्काला आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी गॅरी रस यांनी तो नोंदींसह प्रसिद्ध केलेला आहे. शास्त्रज्ञ तेच आणि समुद्रही तोच असताना दोन्ही बेटांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्याचे मोठे कारण राखण करणाऱ्याचे पोट त्या पाण्याशी बांधलेले होते की नाही, यात आहे, असे माझे मत आहे.

राखीव क्षेत्रात नेमके काय घडते, हेही थोडे विस्ताराने सांगायला हवे. लहान, भराभर वाढणारे मासे काही वर्षांतच दिसू लागतात. मोठे शिकारी मासे मात्र उशिरा वयात येतात, म्हणून त्यांची संख्या सावकाश वाढते. अपोच्या अभयारण्यात त्यांचे एकूण वजन अठरा वर्षांनंतरही वाढतच होते. मादी जितकी मोठी तितकी ती अंडी अधिक घालते, आणि ही वाढ लांबीच्या प्रमाणात सरळ न होता त्याहून कितीतरी वेगाने होते. त्यामुळे राखून ठेवलेल्या थोड्या मोठ्या माद्या आसपासच्या बऱ्याच पाण्याला पिल्ले पुरवतात. जागा अपुरी पडू लागली की मोठे मासे सीमेबाहेर सरकतात. अपोच्या कोळ्यांच्या आवडीचा एक शिंगमाशाच्या जातीचा मासा आहे. अभयारण्यात त्याचे एकूण वजन अठरा वर्षांत तिप्पट झाले आणि सीमेच्या बाहेर, पहिल्या अडीचशे मीटरच्या आत, ते सुमारे चाळीस पट झाले. त्याच्या पलीकडे मात्र तशी वाढ आढळली नाही. हा लाभ दोन-चारशे पावलांच्या अंतरातच संपतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तो मिळतो तो शेजारी गळ टाकणाऱ्या गावकऱ्याला, आणि म्हणूनच रात्री उठून पहारा देण्यात त्याला अर्थ वाटतो. दूरच्या शहरातून येणाऱ्या ट्रॉलरला तसे वाटण्याचे काही कारण नाही.

अपोवर पर्यटक आले ते या सर्वानंतर. उथळ पाण्यात निवांत चरणारी हिरवी कासवे आणि पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जॅक माशांचे थवे यांची ख्याती पसरली, छोटी विश्रामगृहे निघाली, गावातील तरुण डायव्हिंगचे मार्गदर्शक झाले. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो, असे दिसते. आधी रिसॉर्टची इमारत उभी राहते, मग समुद्र वाचवण्याच्या घोषणा येतात आणि कोळ्याला किनाऱ्यावरून हटवणे हेच संवर्धन मानले जाते. अपोत कोळी कोळीच राहिला. त्यातून वादही झाले. आमच्या गळाच्या जागांवर डायव्हर उतरतात आणि मासे पांगतात, अशी कोळ्यांची तक्रार होती, आणि अभयारण्यात दिवसाला किती जणांना उतरू द्यायचे यावर मर्यादा घालण्यात आली. गावाचा अधिकार खरा आहे याची अशी खूण मला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक विश्वसनीय वाटते. जेथे पाहुण्याला कधीच ‘आज नाही’ असे सांगितले जात नाही, तेथे निर्णय गावाच्या हातात असेल यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

१९९४ मध्ये अपोला राष्ट्रीय पातळीवरील संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्यामुळे कायद्याचे बळ वाढले. पण निर्णय स्थानिक समितीकडून सरकारी प्रतिनिधी असलेल्या मंडळाकडे गेले आणि पर्यटकांच्या शुल्कासाठी राष्ट्रीय निधीची व्यवस्था लागू झाली, जिच्यात ७५ टक्के रक्कम संबंधित क्षेत्रासाठी आणि २५ टक्के केंद्रीय खात्यासाठी असते. कागदावर ही वाटणी गावाच्या बाजूची आहे. परंतु २०१३ मध्ये कायदा बदलेपर्यंत आपल्याच किनाऱ्यावर गोळा झालेला पैसा वरच्या खात्यातून परत येण्याची वाट पाहावी लागे, आणि ते स्वतःच्या हाताने खर्च करण्यासारखे नव्हते. पहाऱ्याच्या होडीचे इंजिन बिघडले तर दुरुस्ती त्याच आठवड्यात व्हावी लागते.

इंडोनेशियातील राजा अंपात द्वीपसमूहाची घडण थोडी निराळी आहे. जगातील ज्ञात कठीण प्रवाळ जातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती तेथे आढळतात, आणि क्री बेटाच्या टोकाशी एकाच डायव्हमध्ये माशांच्या ३७४ जाती मोजल्याची नोंद मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड ॲलन यांनी २०१२ मध्ये केलेली आहे. तेथील गावांमध्ये ‘सासी’ नावाची जुनी चाल आहे: समुद्राचा ठरावीक भाग काही काळ बंद करायचा, सागरी काकडी (हा एक मऊ अंगाचा समुद्री प्राणी), शेवंड, शंख यांना वाढू द्यायचे आणि गावाने ठरवलेल्या दिवशी तो उघडायचा. हल्ली बंदीची घोषणा चर्चमधील प्रार्थनेने होते. मिसूल भागातील कापाटचोल गावात तर हा कारभार स्त्रियांच्या गटाने हाती घेतला आहे. क्री, गाम, आर्बोरेक यांसारख्या बेटांवर पापुआन कुटुंबांनी पाण्यात खांब रोवून बांधलेले होमस्टे आहेत आणि त्यांची स्वतःची संघटनाही आहे. पाहुण्यांकडून घेतलेल्या प्रवेश शुल्काचा उपयोग संरक्षित क्षेत्राच्या व्यवस्थापनासाठी होतो, आणि गस्तीच्या कामात गावकऱ्यांचा सहभाग असतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. झोपडी बांधणे आणि जेवण रांधणे गावाला जमेल, पण डायव्हिंगचे केंद्र चालवणे ही जिवाशी गाठ असलेली गोष्ट आहे. कॉम्प्रेसरची हवा शोषणारी नळी इंजिनाच्या धुराच्या वाऱ्यात आली तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरतो. गाळण्या वेळेवर बदलाव्या लागतात. खाऱ्या हवेत सिलिंडर गंजतात आणि ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाखाली त्यांची चाचणी घ्यावी लागते. शिवाय ऑक्सिजनचा संच हवा, आणि डायव्हर घाईने वर आल्यामुळे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर त्याला रिकॉम्प्रेशन चेंबरपर्यंत, म्हणजे हवेचा दाब वाढवून उपचार करण्याच्या कक्षापर्यंत, पोहोचवण्याची तजवीज हवी, जो अशा बेटांपासून बहुधा काही तासांच्या अंतरावर असतो. या सर्वाला भांडवल आणि प्रशिक्षण लागते, आणि त्यामुळे अनेक ठिकाणी गाव बाहेरच्या भागीदाराशी करार करते. मला त्यात काही गैर दिसत नाही. कॉम्प्रेसर कोणाच्या मालकीचा आहे यापेक्षा करार संपल्यावर जमीन आणि पाण्यावरचा हक्क कोणाकडे राहतो, हे अधिक महत्त्वाचे आहे. सुरक्षिततेची चौकशी मात्र प्रवाशाने गावाच्या केंद्रातही तितक्याच कसोशीने करावी. आपुलकीने भरलेल्या सिलिंडरमधली हवा आपोआप शुद्ध होत नाही.

‘गाव’ म्हणजे एकजिनसी वस्तू नव्हे, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. ज्यांची जमीन किनाऱ्याला लागून आहे त्यांना होमस्टे काढता येतो. ज्यांच्याजवळ फक्त होडी आहे त्यांच्या वाट्याला कधीकधी केवळ बंद झालेले पाणी येते. शुल्काचा हिशेब गावसभेत मांडला जातो का, हा प्रश्न म्हणूनच रिसॉर्टच्या मालकाइतकाच गावच्या प्रमुखालाही विचारायला हवा.

गावाच्या अधिकाराला बाहेरच्याही मर्यादा आहेत. २०११ आणि २०१२ च्या डिसेंबरातील दोन वादळांनी अपोच्या अभयारण्यातील प्रवाळ उद्ध्वस्त केले. तेव्हा तो भाग पर्यटकांसाठी बंद करण्यात आला, जो निर्णय केवळ नफ्यावर चालणाऱ्या आस्थापनेला घेणे कठीण गेले असते. मार्च २०१७ मध्ये राजा अंपात येथे एक मोठे प्रवासी जहाज ओहोटीच्या वेळी प्रवाळावर चढले आणि तेरा हजार चौरस मीटरहून अधिक क्षेत्राची हानी झाली. त्याच द्वीपसमूहातील निकेलच्या खाणींवरून मोठा गदारोळ झाल्यावर जून २०२५ मध्ये इंडोनेशिया सरकारने पाचपैकी चार परवाने रद्द केले. परवाने रद्द करण्याचा निर्णय राजधानीत झाला, आणि ते देण्याचा निर्णयही गावांच्या हाती नव्हता. सासीची बंदी शेजारच्या गावातील कोळी पाळतो, जहाजाचा कप्तान किंवा खाण कंपनी ती पाळायला बांधील नसते. अशा वेळी गावाच्या अधिकाराला देशाच्या कायद्याचा आधार असणे किती गरजेचे आहे, ते दिसते.

आपणांस विनंती अशी की, अशा बेटांवरील लेख छापताना खोलीचे भाडे आणि जाण्याचा मोसम यांच्या जोडीला आणखी थोडी माहिती द्यावी: प्रवेश शुल्क कोण घेते आणि त्याची पावती कोणाच्या नावाने मिळते, मासेमारीसाठी बंद असलेला भाग कोणी ठरवला, आणि जमीन विकत घेतलेली आहे की गावाकडून भाड्याने. डायव्हिंगला जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांनीही हेच प्रश्न आगाऊ पैसे भरण्यापूर्वी पत्राने विचारावेत. ज्यांचा कारभार चोख आहे त्यांना उत्तर द्यायला एक दिवसही लागू नये.

आपला विश्वासू,
एक वाचक