बट्टिकलोआजवळची 'हर्मिस' आणि आपली 'विराट'

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्कूबा डायव्हिंगविषयीचा लेख वाचला. किनाऱ्याचे आणि तिथल्या माणसांचे वर्णन त्यात सुरेख उतरले आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र बट्टिकलोआजवळ बुडालेल्या 'हर्मिस' या विमानवाहू नौकेला 'आपल्या विराटचे जुने रूप' म्हटले आहे, नायट्रॉक्स (प्राणवायूचे प्रमाण वाढवलेली श्वसनाची हवा) घेतला की तिथे सहज जाता येते असे सुचवले आहे, आणि गंजलेला एखादा तुकडा आठवण म्हणून मिळाला तर दुधात साखर, असाही शेरा मारला आहे. या तिन्ही गोष्टींबाबत खुलासा व्हायला हवा, असे वाटते.

आपल्या नौदलात 1987 साली 'विराट' म्हणून आलेली नौका पूर्वी 'हर्मिस' होती हे खरे. पण ती त्या नावाची नंतरची नौका. तिचे बांधकाम 1944 साली 'एलिफंट' या नावाने सुरू झाले, 'हर्मिस' हे नाव तिला पुढे मिळाले आणि 1959 साली ती ब्रिटिश नौदलात रुजू झाली. मार्च 2017 मध्ये ती मुंबईत निवृत्त झाली आणि नंतर अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली. बट्टिकलोआच्या समुद्रात आहे ती त्याआधीची 'हर्मिस'. मुळापासून विमानवाहू नौका म्हणूनच आखणी झालेली ती जगातील पहिली, परंतु बांधकाम रेंगाळल्याने ती 1924 साली दाखल झाली आणि तोवर जपानची 'होशो' तिच्या पुढे निघून गेली होती. पुढे तिचा शेवटही जपानी विमानांच्याच हातून व्हावा, हा योगायोग मला नेहमी विचित्र वाटत आला आहे.

तो शेवट कसा झाला, याविषयी लेखात 'दुसऱ्या महायुद्धात बुडाली' एवढेच आहे. एप्रिल 1942 मध्ये जपानचे ॲडमिरल नागुमो यांचा ताफा पाच विमानवाहू नौकांसह हिंदी महासागरात शिरला होता. 5 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बॉम्ब पडले. त्रिंकोमालीवरही हल्ला होणार असा इशारा मिळाल्याने 8 एप्रिलच्या संध्याकाळी 'हर्मिस' आणि ऑस्ट्रेलियाची विनाशिका 'व्हॅम्पायर' यांना बंदरातून बाहेर काढून दक्षिणेकडे पाठवण्यात आले. घाईत निघालेल्या 'हर्मिस'वर तिची स्वतःची विमाने नव्हती. ती जमिनीवरच राहिली होती. 9 एप्रिलच्या सकाळी जपानी टेहळणी विमानाने तिला हेरले आणि बॉम्बफेकी विमाने तिच्यावर तुटून पडली. विमानवाहू नौका, पण रक्षणाला एकही विमान नाही, अशा अवस्थेत ती अकरा वाजण्याच्या आतच बुडाली. कॅप्टन रिचर्ड ऑन्स्लो यांच्यासह 307 जण मृत्युमुखी पडले. त्याच सागरी पट्ट्यातून जात असलेल्या 'व्हिटा' या रुग्णालय जहाजाने पाण्यातून कित्येकांना उचलले नसते, तर हा आकडा फार मोठा झाला असता. थोडीथोडकी माणसे पोहत किनाऱ्यालाही लागली.

आता खोलीविषयी. ही नौका डाव्या कुशीवर सुमारे 53 मीटरवर पहुडली आहे. मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून पाच-दहा मीटरवर गेलेल्या आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे हा आकडा आणून देणे लेखकाचे काम होते. डायव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्रावर 18 मीटरपर्यंत जाता येते आणि हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा 40 मीटर मानली जाते. 53 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या सहापटींहून अधिक असतो. पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा घेणारा माणूस तिथे सव्वाशे लिटरच्या वर हवा ओढतो, म्हणजे 200 बार दाबापर्यंत भरलेला बारा लिटरचा सिलिंडर वीस मिनिटांच्या आतच रिकामा होईल. आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे लागते, त्यासाठीची हवा वेगळीच. शिवाय त्या दाबाखाली नायट्रोजनची झिंग चढते आणि साधे गेजवरचे आकडेही नीट वाचता येत नाहीत. नायट्रॉक्सचा सल्ला तर सरळ धोकादायक आहे. 32 टक्के प्राणवायूचे मिश्रण साधारण 34 मीटरपर्यंतच वापरायचे असते. 'हर्मिस'च्या खोलीवर त्यातील प्राणवायूच विषासारखा काम करतो आणि पाण्याखाली आकडी येऊन माणूस बुडू शकतो. तिथे जाणारे जाणकार हेलियम मिसळलेला वायू वापरतात आणि त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घेतात.

मी स्वतः 'हर्मिस'पर्यंत गेलेलो नाही. माझी तेवढी पात्रता नाही, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावर बुडवलेल्या 'ब्रिटिश सार्जंट' या तेलवाहू जहाजावर मात्र मी उतरलो आहे. ते 24-25 मीटरवर असल्याने माझ्यासारख्याच्या आवाक्यात येते. तुटलेल्या पत्र्यांवर प्रवाळ इतके दाटले होते, की जहाजाची कड कुठली आणि खडक कुठला हे हाताच्या अंतरावरूनही कळत नव्हते. वर आल्यावर आमच्यातील एकाने जॅकेटच्या खिशातून पितळेचे हिरवे पडलेले एक चाक काढून दाखवले. होडीवाला वयस्कर कोळी होता. तो काही बोलला नाही. त्याने इंजिन बंद केले आणि हाताने खाली समुद्राकडे दाखवत तो बसून राहिला. दहा-बारा मिनिटे होडी तशीच हेलकावत होती. अखेर ते चाक पाण्यात गेले, तेव्हाच त्याने इंजिन पुन्हा सुरू केले.

'एक तुकडा आणला तर काय बिघडते' याचे उत्तर जावा समुद्रात मिळते. फेब्रुवारी-मार्च 1942 मध्ये तिथे बुडालेल्या डच 'डी रॉयटर' आणि 'जावा', तसेच ब्रिटिश 'एक्सेटर' यांच्या जागी 2016 साली पाहणी झाली, तेव्हा समुद्रतळावर केवळ खळगे उरले होते. भंगारवाल्यांनी अख्खी जहाजे, आतल्या माणसांच्या अवशेषांसकट, उचलून नेली होती. पाण्याखालच्या वारशाविषयीचा युनेस्कोचा 2001 चा करार शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेल्या अवशेषांनाच लागू होतो, म्हणजे 'हर्मिस' त्याच्या कक्षेत यायला 2042 साल उजाडावे लागेल. बुडालेली युद्धनौका तिच्या देशाची मालमत्ता राहते हा दंडक आहेच, पण समुद्राच्या तळाशी पहारेकरी नसतो.

हे आताच लिहिण्याचे आणखी एक कारण म्हणजे 'गुलदार'. नौदलातून निवृत्त झालेली ही नौका निवती खडकाजवळ बुडवून कृत्रिम प्रवाळ आणि पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्प आपल्या राज्याने हाती घेतला आहे, आणि पर्यटकांनी तिला जवळून न्याहाळावे यातच तिचे सार्थक आहे. पण ती कोणाची समाधी नाही. आपल्या पुरवणीत पुढेमागे 'गुलदार'वर लेख येईलच. त्यात तिची आणि 'हर्मिस'ची एका दमात तुलना होऊ नये.

तूर्त पुढच्या रविवारी 'विराट'विषयीची चूक दुरुस्त करावी, 53 मीटर हा आकडा ठळकपणे छापावा आणि आठवणीच्या तुकड्याचे ते वाक्य मागे घ्यावे, ही विनंती. दीवजवळच्या समुद्रात बुडालेल्या आपल्या 'खुकरी' या युद्धनौकेवर 1971 साली गेलेल्या 194 जणांच्या घरचे लोकही आपले वृत्तपत्र वाचत असतील.

आपला,
एक वाचक, ठाणे