सीडी ठेवून दे कपाटात

पुणे

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

‘ट्रान्सपोर्ट टायकून’ या आगगाड्या-बस चालवून कंपनी वाढवायच्या गेमची जुनी सीडी नव्या लॅपटॉपवर काही केल्या चालेना, म्हणून वैतागला आहेस ना? अरे, सीडी ठेवून दे कपाटात आणि त्याचाच नव्याने लिहिलेला अवतार ‘ओपनटीटीडी’ उतरवून घे. विंडोज, लिनक्स, मॅक, कशावरही चालतो आणि पूर्ण फुकट आहे. फुकट म्हटल्यावर तुझ्या कपाळाला आठी पडणार, हे ठाऊक आहे. पण हा चोरीचा माल नाही.

मूळ गेम ख्रिस सॉयर या स्कॉटिश माणसाने १९९४ मध्ये केला. प्रोग्रामिंग जवळजवळ एकट्याचं, चित्रं सायमन फॉस्टरची, संगीत जॉन ब्रूमहॉलचं. आणि लिहिला तो असेम्ब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञांच्या भाषेत! त्यामुळे त्या काळच्या मरतुकड्या पीसीवरही ढीगभर गाड्या एकाच वेळी धावायच्या. पण असेम्ब्ली त्या एका जातीच्या प्रोसेसरशीच बांधलेली. यंत्रं बदलली की गेम अडकला. मग लुडविग स्ट्रीगियस या स्वीडिश प्रोग्रामरने तो मशीन कोड उलगडून वाचला, सगळा सी भाषेत पुन्हा लिहिला आणि २००४ मध्ये सोर्ससकट, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुरासकट, लोकांसमोर ठेवला. हॉस्टेलवर आपण रात्र रात्र ज्याच्यावर काय काय उतरवायचो, ते यूटॉरेंटही याच गृहस्थाचं. आपल्या आयुष्याची किती वर्षं या एका माणसाने खाल्ली, बघ.

पण कोड नवा झाला तरी चित्रं, आवाज, संगीत जुनंच होतं आणि त्यावर मालकी दुसऱ्यांची. म्हणजे खेळायला मूळ सीडीतल्या फायली लागायच्याच. शेवटी हौशी मंडळींनी प्रत्येक इंजिन, प्रत्येक घर, झाडाचं पान न् पान नव्याने काढलं. आवाज आणि संगीतही नवं केलं. २०१० मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हा मूळ फायलींशिवाय पूर्ण गेम खेळता येऊ लागला. मला या सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. कोड लिहिणाऱ्याचं नाव तरी होतं. बाराशे वेळा मालगाडीच्या डब्याची सावली नीट करणाऱ्याला कोण विचारतो?

‘रोलरकोस्टर टायकून २’ या करमणूक पार्कच्या गेमचा असाच अवतार ‘ओपनआरसीटी२’ २०१४ मध्ये सुरू झाला, त्याची तऱ्हा वेगळी. राहतं घर न सोडता एकेक भिंत नवी बांधत जावं तसं त्यांनी मूळ प्रोग्राम चालू ठेवून त्यातलं एकेक फंक्शन बदलत नेलं. फार चिकाटीचं काम. पण चित्रांसाठी मूळ गेम विकत घ्यावाच लागतो. ‘थीम हॉस्पिटल’ या इस्पितळ चालवायच्या गेमच्या ‘कॉर्सिक्सटीएच’चंही तेच. शहर वसवायच्या ‘सिमसिटी’चं नशीब मात्र थोर. २००८ मध्ये मूळ मालकांनीच त्याचा सोर्स ‘मायक्रोपोलिस’ नावाने खुला केला.

आता तुझ्या कामाचं, ओपनटीटीडी खेळण्याचं. जुन्या सवयीने जंक्शनवर ब्लॉक सिग्नल लावशील आणि गाड्यांची रांग बघत बसशील. ब्लॉक सिग्नलच्या लेखी अख्खं जंक्शन हा एकच तुकडा. एक गाडी आत असेपर्यंत दुसरीला लाल, मग दोघींचे रस्ते एकमेकांना छेदत नसले तरी. नव्या गेममध्ये पाथ सिग्नल आहेत. गाडी आपल्यापुरताच मार्ग राखून ठेवते, त्यामुळे शेजारच्या रुळावरून दुसरी खुशाल जाते. फक्त पाथ सिग्नल अशा जागी लाव की त्याच्यापाशी गाडी उभी राहिली तरी मागचं काही अडू नये. जंक्शनमधून बाहेर पडल्यावर लगेच सिग्नल ठोकलास आणि पुढे गाडीभर जागा सोडली नाहीस, तर शेपूट जंक्शनमध्येच राहतं आणि सगळी लाईन ठप्प.

पैशाचं गणितही ऐकून ठेव. भाडं मिळतं ते दोन स्टेशनांमधल्या नकाशावरच्या आडव्या-उभ्या चौकोनांवर आणि लागलेल्या वेळावर. वळसा घातलास म्हणून कोणी जास्त देत नाही. कोळसा उशिरा पोचला तरी फारसं बिघडत नाही, प्रवाशांचा भाव मात्र झरझर उतरतो. म्हणून पहिलं कर्ज कोळशाच्या लांब लाईनवर घाल. गावातल्या बस नंतर.

आणि झाडं तोडलीस, घरं पाडलीस, की गाव स्टेशनला परवानगी नाकारतं. मग झाडं लाव, राग उतरतो. लाच द्यायचीही सोय आहे, पण पकडला गेलास तर पत पार धुळीला मिळते. (तू आधी तेच करून बघणार, याबद्दल पैज लावायला तयार आहे.)

सुरुवातीला सेटिंगमध्ये जाऊन गाड्या बिघडणं कमी करून ठेव. शनिवारी रात्री जेवणं उरकली की मी सर्व्हर सुरू करतो, पासवर्ड फोनवर सांगेन. आपली आवृत्ती एकच असायला हवी, नाहीतर जोडलं जाणार नाही. वहिनींना नमस्कार, चिन्मयीला आशीर्वाद. तिलाही बसव शेजारी, पण कोळशाच्या खाणीजवळची जागा माझी.

तुझा,
अविनाश